दिल्लीचं पाकीट

पोशीर,
१९ फेब्रुवारी १९८९

शकू,

आशीर्वाद घे. राग गेला असं समजू नकोस, गेलेला नाय. मोतीआत्यानं समोर बसवून हातात पेन दिलंय आणि ती स्वतः सुपात तांदूळ पाखडत माझ्यावर नजर ठेवून हाय, म्हणून लिहितोय. मध्येच विचारते, "किती झालं रं?" मी सांगतो, दोन ओळी. "मग एवढा घाम कसला फुटलाय?" म्हणते.

तुझं पत्र तिला आलं. मला एक ओळ नाय, "दादाला सांग" एवढंसुद्धा नाय. बरं हाय. दिवाळीपासून तू हॉस्टेलात तोंड फुगवून बसलीयस आणि मी इथं. आईबाप गेले तवा मी सोळाचा नि तू चारची. तेव्हापासून तुझी वेणी घालायला शिकलो, तीसुद्धा वाकडी. आणि आता तीन महिने झाले, माझी बहीण मला पत्र लिहीत नाय.

चूक माझी एकट्याची नव्हती, हे आधी लिहून ठेवतो. नेरळच्या भर बाजारात, दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी, मी त्या आइसक्रीमवाल्याच्या डीप फ्रीजचा पाइप कापला, फुस्स करून जुना गॅस गेला, आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "दादा, हा गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो. तो थर सूर्याचं वाईट ऊन अडवतो. तू रोज तो थोडा थोडा विरवतोयस." गिऱ्हाइकं हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, आभाळ काय माझ्या बापाचं हाय विरवायला? नि याच गॅसवर तू एमेस्सी झालीस, ते विसरू नकोस. तू म्हणालीस, "विसरले नाही, म्हणूनच सांगते." त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. पण तूही पिशवी उचलून निघालीस. मागं वळून बघितलंस? नाय.

आणि फ्रीजमधला हा बारा नंबरचा गॅस वाईट हाय हे मला अजून पटलेलं नाय. ठाण्याला शिकत होतो तवा बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गॅसची नळी फुटलेली मी बघितलीय. माणसं डोळे धरून लोळत होती. हा बारा नंबरचा, त्याला वास नाय, पेट घेत नाय, अंगाला लागला तर थंड वाटतो. लाइन साफ करायला तोच मारतो, गळती बघायला तोच मारतो. आमा मेकॅनिक लोकांना याच्यापेक्षा गरीब गॅस दुसरा नाय. आणि तू म्हणतेस हाच चोर.

आत्याला तू विचारलंयस की दिल्लीहून पाकीट आलंय का. एक वर्षाचं संशोधन प्रशिक्षण हाय म्हणे, ओझोनचा थर नि हवामान वाचवायचं सरकारी धोरण कसं करायचं त्याचं. त्यातले चार महिने परदेशात, आणि अख्ख्या देशातून फक्त आठ जणांना घेणार. कायमचा पत्ता म्हणून तू घरचा दिलास. बरं केलंस, अजून हे घर तुझं वाटतंय म्हणायचं. पण सखा पोस्टमन आठवड्यातून दोनदा येतो, कधी पत्र नदीपलीकडंच वाटतो. आलं की कळवू. एवढी घाई कसली?

आत्या विचारते, मळमळ थांबली का. हॉस्टेलातलं जेवण तुला सोसत नाय हे मला इथं बसून माहीत हाय. पोह्याचे पापड पाठवतोय.

तुझा (तू मानत असशील तर)
दादा


पोशीर,
२७ फेब्रुवारी १९८९

शकू,

पत्र आलं! रागानं लिहिलंय, पण माझ्या नावानं लिहिलंय. दोनदा वाचलं. आत्याला एकदाच वाचून दाखवलं, त्यातलं "हट्टी म्हातारा" मी गाळलं. छत्तिसाव्या वर्षी कुणी म्हातारा असतो का गं?

परवा माथेरानला गेलो होतो, वरच्या हॉटेलात फ्रीज बिघडला म्हणून. गॅसची बाटली घेऊन छोट्या गाडीत बसलो, वरती स्टेशनपासून हमालाच्या डोक्यावर कॉम्प्रेसर नि मी मागनं. नेहमीसारखा पाइप कापायला घेतला नि हात थांबला. खरं सांगतो, थांबला. तुझं बोलणं कानात. हॉटेलचा मॅनेजर म्हणतो, "काय झालं कोळंबे, सापडत नाही का?" मी म्हणालो, सापडलंय सगळं. मग कापला. दुसरं करणार काय, गॅस खिशात घालून आणू? पण फुस्स झालं तवा पहिल्यांदा मान वर करून बघितलं. काय दिसणार! दोन माकडं दिसली.

तू लिहितेस की बाकीच्यांना पत्रं आली, म्हणजे तुझी निवड झाली नाय, हे तू धरून चाललीयस. आणि खोपोलीच्या कारखान्यात प्रयोगशाळेत जागा हाय, तिथं हो म्हणणार हायस. शकू, नाय झाली असं का धरतेस? टपाल हाय, उशीर होतो.

पण खोपोलीचं म्हणशील तर वाईट नाय. सकाळच्या गाडीनं कर्जतला, तिथनं दुसरी, नि संध्याकाळी घरी. आत्याच्या हातची आमटी. तुझी खोली मी पावसाळ्याआधी झाडून घेईन, कौलं दोन फुटलीयत ती बदलीन. खिडकीशी टेबल हवं असेल तर सुताराला सांगतो. दिल्लीला उन्हाळ्यात माणसं भाजतात म्हणे, आणि थंडीत गारठतात. तिथं तुला कोण हाय? आजारी पडलीस तर कोण बघणार?

मी काय म्हणतो, तुझं तू ठरव. मी मध्ये पडत नाय.

तुझा दादा

ता. क. आत्या म्हणते, मी हल्ली जेवत नाय. खोटं हाय. जेवतो.


पोशीर,
७ मार्च १९८९

शकू,

हे पत्र तुझ्या शाळेतल्या आनंदीबाई तुझ्या हातात देतील. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं त्या दादरला लेकीकडं चालल्यात, आधी तुझ्या हॉस्टेलावर येतील. सोबत जे पाकीट देतील ते आधी उघड. मग हे वाच. उलटं केलंस तर हे अर्ध्यात फाडशील आणि खालचं वाचायचं राहून जाईल.

उघडलंस?

तुझी निवड झालीय. आठ जणांत. पाकीट सोळा फेब्रुवारीला आलं. सखानं माझ्या हातात दिलं, मी सही केली. आज मार्चची सात. एकोणीस दिवस मी ते भाताच्या कणगीत दडवून ठेवलं होतं. त्यात लिहिलंय की दहा मार्चच्या आत होकार पोचला पायजे.

आता शिव्या घाल, मग पुढचं वाच.

मी ते फोडलं, कारण वर सरकारी शिक्का होता. आत सगळं इंग्रजी. माझं इंग्रजी किती ते तुला माहीत हाय, गॅसच्या बाटलीवरची अक्षरं तेवढी. पण दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात माझ्या दुकानाचं नाव होतं. कोळंबे रेफ्रिजरेशन, नेरळ. खाली माझं नाव, खाली सहीला जागा. मला वाटलं, तू अर्जात माझ्याविरुद्ध लिहून दिलंस आणि दिल्लीनं नोटीस काढली. आता माणसं येणार, दुकानाला सील ठोकणार, सगळ्या बाजारासमोर माझा पंचनामा करणार. आमच्याकडं सहीची जागा सोडलेला इंग्रजी कागद कधी चांगल्यासाठी आलाय का? वडिलांची धरणाकाठची जमीन गेली ती असल्याच कागदानं. म्हणून कणगीत टाकलं.

आज बाई दुकानात आल्या. शाळेतल्या बाई त्या, त्यांच्यापासून कुणाला काय लपवता येतं? सगळा कागद समजावला. ती नोटीस नव्हतीच, तुझ्या अभ्यासाला दुकान वापरू द्यायचं संमतीपत्र होतं. सोबत तुझ्या अर्जाची प्रत हाय, त्यात तू लिहिलंयस की कायदे दिल्लीत नि परदेशात होतील, पण गॅस सोडतो तो पाना हातात असलेला माणूस, म्हणून त्याच्या दुकानात बसून तो काम कसं करतो ते आधी शिकायला हवं, आणि असा एक माणूस मला माहीत आहे, तो माझा भाऊ आहे, माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला मेकॅनिक आहे. बाईंनी हे वाचलं नि चष्मा काढून पुसत बसल्या. मी दुकानाच्या मागं गेलो, नळाखाली डोकं धरलं.

सही मी केलीय. कागद पाकिटातच हाय.

मग कर्जतला जाऊन तुझ्या नावानं तार ठोकली: हो म्हणते, सविस्तर पत्र मागाहून. तुला न विचारता केली. नको असेल तर रद्द कर, पण उद्याच्या उद्या तो फॉर्म भरून स्पेशल टपालानं पाठव. वेळेत पोचेल असं वाटत नाय. दोनच दिवस हायत.

मी स्वतः यायला हवं होतं. बाई तेच म्हणाल्या. हिंमत झाली नाय.

दादा


पोशीर,
२४ मार्च १९८९

शकू,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "फॉर्म तेरा तारखेला पोचला. उशिराचं कारण लेखी मागितलंय. मी खोटं लिहिणार नाही, कारण तूच लिही." वर नाव नाय, खाली नाव नाय. रास्त हाय.

लिहिलं. चार वेळा फाडलं. आनंदीबाईंनी शुद्ध केलं, मग इंग्रजी करून टाइप करून घेतलं. मराठी प्रत तुला पाठवतोय, म्हणजे मी काय लिहिलं ते तुला कळेल.

"मा. संचालक साहेब,

मी, मालोजी धर्मा कोळंबे, राहणार पोशीर, तालुका कर्जत, धंदा फ्रीज दुरुस्ती, लिहून देतो की आपल्या संस्थेने कुमारी शकुंतला कोळंबे हिला पाठवलेले पत्र १६ फेब्रुवारीला मला मिळाले. ते मी तिला दिले नाही. पत्रात माझ्या दुकानाचे नाव पाहून माझ्यावर कारवाई होणार अशा भीतीने मी ते घरात दडवून ठेवले. तिला याची काहीही कल्पना नव्हती. उशीर माझ्यामुळे झाला, तिच्यामुळे नाही. शिक्षा करायची तर मला करावी.

माझे दुकान तिला अभ्यासासाठी खुले आहे. मी वीस वर्षे हा गॅस हवेत सोडत आलो आहे, कारण सगळे तेच करतात आणि कुणी दुसरे शिकवले नाही. तिने सांगितले तेव्हा मी तिला घालवून दिले. आपण मोठमोठे करार करता, ते आमच्यापर्यंत पोचवायला आमच्या घरातलेच कुणीतरी लागेल. ती मुलगी हट्टी आहे. अशीच लागेल.

आपला,
मा. ध. कोळंबे"

"हट्टी" शब्द बाई काढा म्हणत होत्या. मी काढू दिला नाय.

आता एक गंमत ऐक. रागात असलीस तरी ऐक, तुझ्या कामाची हाय. मी विचार केला, गॅस गरमाकडनं थंडाकडं पळतो, हे तर आमचं रोजचंच. मग त्याला थंड जागा दिली तर? रिकामी बाटली घेतली, पंप लावून आतली हवा काढली, आणि टबात बर्फ नि खडेमीठ घालून त्यात बुडवली. आइसक्रीमवाल्याचा डीप फ्रीज पुन्हा आला होता. पाइप कापला नाय. नळी जोडली नि बसलो विडी ओढत. आइसक्रीमवाला म्हणतो, "मालोजीशेट, फ्रीज दुरुस्त करताय का बाटलीला आंघोळ घालताय?" तासाभरानं वाण्याच्या काट्यावर वजन केलं. फ्रीजमधल्या चारशेतले दोनशे दहा ग्रॅम बाटलीत! बाकीचा येत नाय, फ्रीजमध्येच राहतो, शेवटी सोडावा लागतो. पण अर्ध्याहून जास्त धरला की नाय? दुकानात मी एकटाच टाळ्या वाजवल्या. तुला हाक मारायला तोंड उघडलं होतं.

वेळ फार जातो. रोज जमणार नाय, खोटं कशाला सांगू. पण तू असतीस तर काहीतरी सोपं काढलं असतंस.

दादा


पोशीर,
१८ एप्रिल १९८९

शकू,

बाळ, तुझं चार पानांचं पत्र आलं. तुला घेतलं! आत्यानं गावभर साखर वाटली. विचारणाऱ्याला सांगते, "आमची शकू आभाळाला ठिगळ लावाया दिल्लीला चालली." ओझोन तिच्या तोंडी बसत नाय. सखा पोस्टमन आता सायकलवरनं लांबूनच ओरडतो, "कोळंबे, आणखी काय दडवायचंय का?" मी ऐकून घेतो.

तू लिहिलंस की साहेबांनी माझं पत्र सगळ्या समितीला वाचून दाखवलं आणि दोन मे रोजी हजर हो म्हणून कळवलं. आणि तू लिहिलंस: "दादा, तू घाबरून केलंस. कागदानं आपलं काय काय नेलंय ते मला माहीत आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही घाबरले असते. रविवारी येते, मला रागवायचं नाही आणि तुलाही." हे वाचून आत्या रडली. मला रडू आलं नाय.

शकू, तू ज्याची माफी दिलीस ते मी केलंच नाय.

सोळाला पाकीट आलं, मी घाबरलो, हे खरं हाय. ती एक रात्र खरी. सतराला सकाळी मी ते घेऊन आनंदीबाईंकडं गेलो. मार्चमध्ये नाय, सतरा फेब्रुवारीला. त्यांनी तेव्हाच सगळं वाचून सांगितलं. निवड झालीय, नोटीस नाय, दहा तारखेच्या आत कळवायचं. तू माझ्याबद्दल काय लिहिलंस तेही मला तेव्हाच कळलं. नळाखाली डोकं धरलं ते त्या दिवशी. बाई म्हणाल्या, "आजच पाठव तिला." मी हो म्हणालो. घरी आलो नि कणगीत ठेवलं.

एकोणीसला तुला पहिलं पत्र लिहिलं तवा मला सगळं माहीत होतं. "आलं की कळवू" लिहिताना कणगी माझ्या पाठीशी होती.

मार्चमध्ये बाई दुकानात आल्या त्या विचारायला, शकूचं उत्तर काय आलं म्हणून. मी खाली बघितलं. त्यांनी ओळखलं. मी त्यांना म्हणालो, मला आधीच माहीत होतं, तिला एवढं सांगू नका. त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही, मालोजी. तिनं विचारलं तर सांगेन. पण हे सांगायचं काम माझं नाही, तुझं आहे." तू त्यांना विचारलंच नाहीस. तुझा माझ्यावर विश्वास होता.

का केलं ते सांगतो. दिवाळीत तू गेलीस तवा मला वाटलं, मुंबईच हाय, राग उतरला की येईल. दिल्ली म्हटल्यावर कळलं की तू आता येणाऱ्यातली नाय, पाहुणी म्हणून येशील. वर्षभर, मग परदेश, मग आणखी कुठं. घरात आत्या, ती किती दिवसांची? संध्याकाळी दुकान बंद करून मी कुणाशी भांडू? लोक म्हणतील, मग लग्न का नाय केलंस. तू होतीस ना गं. तुझी शाळा, तुझा ताप, तुझी परीक्षा, यातनं वेळच मिळाला नाय, आणि हवासुद्धा नव्हता. मी तुझा उपकार मागत नाय. पण तू नसलीस तर मला काय करायचं ते येत नाय.

तू खोपोलीचं लिहिलंस तवा मला एवढा आनंद झाला की त्याच दिवशी कौलवाल्याकडं जाऊन आलो. तुझं स्वप्न मोडलं म्हणून तू रडत लिहिलं होतंस, अक्षरं फुटली होती. ते बघूनही मला आनंद झाला. हे सांगायला जड जातंय. साहेबाला मी भीती लिहिली. तिथं ती चालली. तुझ्यापाशी ती चालवायची नाय.

रात्री झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, तवा बाई आल्या नसत्या तर मी दहा तारीख जाऊ दिली असती का? रोज स्वतःला विचारतो. नसती दिली असं म्हणावंसं वाटतं. नक्की माहीत नाय.

हे पत्र रविवारच्या आत तुला मिळेल असं बघून टाकतोय. वाच, मग यायचं की नाय ते ठरव. आत्याला मी सगळं सांगितलंय. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाय. आज ताट वाढलं, पण बोलली नाय.

नाय आलीस तरी मी समजेन. एकोणतीसला तुझी गाडी कल्याणला थांबते, पाच मिनिटं. मी फलाटावर असेन, पापड नि आत्याचं लोणचं घेऊन. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, खिडकीसुद्धा उघडू नकोस, डबा मी शोधीन. पिशवी दारातल्या माणसाकडं देईन.

आणि मग गाडी सुटेल. मी तुला अडवणार नाय, शकू. जा.

दादा